झोपायला डोंगरावर

आल्प्समध्ये चालून आलेल्या मराठी माणसाला ताम्हिणीच्या घाटात उभं केलं, की तो पाच मिनिटांत सह्याद्रीची कीव करायला लागतो. दरी त्याला मान्य असते. धबधबेही मान्य असतात. फार तर इतके सगळे एकाच वेळी चालू ठेवायची काय गरज होती, असा एक काटकसरी विचार त्याच्या मनाला चाटून जातो. पण मग तो खाली कोकणाकडे बोट दाखवून विचारतो, 'हे सगळं ठीक आहे हो, पण रात्री राहायचं कुठे?' आणि आपण काही बोलायच्या आत तो 'हट'बद्दल सांगू लागतो. हट म्हणजे झोपडी नव्हे, हे आधी नीट समजावतो. स्विस अल्पाइन क्लब १८६३ साली निघाला आणि त्याच वर्षी त्याने टोडी पर्वतावर आपली पहिली हट बांधली. आज त्या एका क्लबाच्या दीडशेच्या आसपास आहेत. तिथे आधी जागा राखून ठेवावी लागते. दारात बूट काढून हटच्या सपाता घालाव्या लागतात. ठरल्या वेळी सगळ्यांना एकदम सूप मिळतं, रात्री दहाला दिवे जातात, आणि हटचं पांघरूण मळू नये म्हणून आत शिरायला स्वतःची पातळ कापडी पिशवी घरून आणावी लागते. हे सगळं ऐकून झाल्यावर आपण जरा संकोचत सांगतो, की आमच्याकडे विंझाई देवीचं देऊळ आहे, इथेच, ताम्हिणी गावात. त्यावर तो असा बघतो, जणू त्याने चांगलंसं हॉटेल विचारलं आणि आपण त्याला मावशीचा पत्ता दिला.

माझं म्हणणं असं, की पत्ता बरोबर आहे आणि प्रश्नच चुकला आहे. डोंगरावर रात्री राहायला जाणं आणि डोंगरावर झोपायला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कोणालाही जमते. दुसरी आजवर कोणाला जमल्याचं दिसत नाही, आल्प्समध्येही नाही. डोंगरावरचा मुक्काम हे मुळात जागरण आहे. एवढं मान्य केलं, की त्यासाठी काय लागतं आणि काय उगाच पाठीवर वाहिलं जातं, याचा हिशेब सोपा होतो, आणि त्या हिशेबात देऊळ हटच्या चार पावलं पुढे निघतं.

पुरावा म्हणून कुठलाही एक मुक्काम घ्यावा. शनिवारी दुपारी पुण्यातून निघालेला आठदहा जणांचा घोळका चांदणी चौकातल्या गर्दीत तासभर जिरवून, पिरंगुट आणि पौड मागे टाकून, मुळशीच्या पाण्याच्या कडेकडेने ताम्हिणीला पोचतो. सॅक उघडून बघितल्या, तर निम्मं वजन झोपेच्या सामानाचं निघतं: स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, फुगवायची उशी, कानात घालायचे बोळे, डासांचं मलम, रात्रीचे वेगळे मोजे. उरलेल्या निम्म्यात भडंग, चिक्की, थेपले आणि कोणीतरी आणलेला एक अख्खा नारळ असतो. नारळ कशाला आणला, यावर चढभर चेष्टा होते. मुक्काम देवळात आहे हे लक्षात आल्यावर ती थांबते, कारण आठ सॅकमध्ये मिळून प्रसंगाला साजेशी वस्तू तेवढी एकच निघालेली असते. नऊ वाजता पिठलं-भाकरी होते. साडेनऊला 'आज काय मस्त झोप लागणार आहे' हे वाक्य म्हटलं जातं. दहाला सगळे आडवे होतात आणि इथून खऱ्या कार्यक्रमाला सुरुवात होते. पहिला अर्धा तास सॅकमधल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा असतो. दिवसा मुकाट्याने पडून राहणारी पिशवी रात्री दहानंतर ज्या आवाजाला पोचते, तो आवाज संबळालाही सहज निघत नाही. मग घोरणं सुरू होतं. 'मला बाई नव्या जागी झोप येत नाही' किंवा 'मला रे नव्या जागी झोप येत नाही' असं ज्याने बजावून सांगितलेलं असतं, घोरत तोच असतो. अकराला उंदीर भडंगाच्या शोधात निघतात. बाराला गावातलं कुत्रं भुंकतं, आणि ते बिबट्यावर भुंकतंय की सवयीने, यावर कुजबुजत्या आवाजात परिसंवाद होतो. कपाळाला बॅटरी बांधलेला गृहस्थ कोण बोललं ते बघायला मान वळवतो आणि ज्याच्याकडे वळवतो त्याची झोप कायमची जाते. अडीचला एकाला बाहेर जायचं असतं. एकट्याने जायची भीती वाटते म्हणून तो दुसऱ्याला उठवतो, दुसऱ्यालाही परतताना भीती वाटू नये म्हणून तिसरा उठतो. साडेचारला सूर्योदयाचा गजर होतो. गजर लावणारा सोडून सगळे जागे होतात. ताम्हिणीचा कडा पश्चिमेला कोकणावर उघडतो, म्हणजे तिथे सूर्य बुडताना दिसतो, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही. आणि आली तरी फरक पडत नाही, कारण समोर धुकं असतं.

आता यात दोष कोणाचा? चटकन उत्तर येईल, देवळाचा. फरशी गार, दार कुरकुरणारं, खाली गादी नाही. गादी दिली की माणूस झोपेल, असा हटवाल्यांचा साधा सिद्धान्त आहे. पण २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी नव्या जागी झोपणाऱ्या माणसांच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा असं दिसलं की पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, तो आवाजांवर कान ठेवून पहारा देत राहतो. ही तपासणी डोंगरावर झाली नव्हती. प्रयोगशाळेत झाली होती, आणि तिथे उंदीर किंवा बिबट्या असण्याची शक्यता कमी. तरीही निम्मा मेंदू जागा राहिला. तेव्हा ताम्हिणीतल्या दहा जणांचे मिळून पाच मेंदू रात्रभर जागे असतात, हे शास्त्राला धरूनच आहे. दुसऱ्या रात्री पहारा सैल होतो म्हणे. पण आपल्याकडे दुसऱ्या रात्री सोमवार जवळ आलेला असतो आणि माणूस घरी परत गेलेला असतो.

आणि आल्प्समध्ये काय होतं तेही बघायला हवं, कारण सह्याद्रीची कीव करणारा पाहुणा परत आल्यावर सूपाबद्दल बोलतो, झोपेबद्दल बोलत नाही. हटमध्ये स्वतंत्र खोली क्वचित. पुष्कळ ठिकाणी लांबलचक फळीवर गाद्या एकीला एक चिकटून अंथरलेल्या असतात आणि त्यावर वेगवेगळ्या देशांतले लोक खांद्याला खांदा लावून घोरतात. उन्हाने बर्फ मऊ पडायच्या आत शिखर गाठायचं म्हणून गिर्यारोहक रात्री दोन-तीनला उठतात, म्हणजे आपल्या सूर्योदयवाल्याच्याही आधी. युरोपातली सगळ्यांत उंच इमारत ही अशीच एक हट आहे, इटली आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर मोंते रोझाच्या एका शिखरावर, ४,५५४ मीटरवर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) पावणेतीनपट. ती १८९३ साली उघडली तेव्हा इटलीची राणी मार्गेरिता स्वतः वर गेली होती आणि हटला नावही तिचंच आहे. पण त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की झोपेत श्वास अडखळतो आणि माणूस दचकून उठतो. विरळ हवेत शरीराचं काय होतं याचा अभ्यास करायला शास्त्रज्ञ त्या हटमध्ये मुद्दाम जाऊन राहतात. म्हणजे राणी आली, गादी आली, सूप आलं, आणि एवढं करून झोप आली नाही. स्विस माणूस मोजून फ्रँक देऊन जे जागरण विकत घेतो, ते ताम्हिणीत देवीच्या पुढ्यात एका नारळात होतं.

यातली मौज अशी, की जागरण या गोष्टीची लाज वाटायचं आपल्याला काही कारणच नाही. खंडोबाचं जागरण घालायला वाघ्या-मुरळी बोलावून, दिवटी पेटवून, लोकांना आमंत्रणं देऊन आपण रात्र जागवतो. भवानीचा गोंधळ रात्रीचाच. महाशिवरात्रीला जागतात, गणपतीत जागतात. आणि कोजागिरी तर नावातच आहे: लक्ष्मी मध्यरात्री फिरत 'कोण जागं आहे?' असं विचारत जाते आणि जागा सापडेल त्याला प्रसन्न होते. ज्या संस्कृतीत झोपलेल्याचं नुकसान आणि जागलेल्याचा फायदा असा लेखी करार आहे, तिथल्या माणसाने डोंगरावर झोप लागली नाही म्हणून तक्रार करावी, हे काही पटत नाही. डोंगरवाल्यांना हे आतून कळलेलं असावं. पाऊस ओसरल्यावरचा त्यांचा पहिला मोठा मुक्काम पुष्कळदा कोजागिरीचाच असतो, आणि त्या रात्री पातेल्यात दूध आटवत बसलेल्या एकाच्याही तोंडी गादीचा विषय निघत नाही.

आता 'हट आपल्याकडे नाहीत' या वाक्याकडे वळतो, कारण ते साफ खोटं आहे. त्या आपल्याकडे स्विस क्लबच्या आधी सुमारे एकोणीसशे वर्षांपासून आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात, कोकणातून वर येणाऱ्या वाटेच्या तोंडाशी, सातवाहनांच्या काळात कोरलेलं लेणं आहे. आत प्रशस्त दालन, भिंतीलगत दगडी बाक. घाट चढून दमलेल्या व्यापाऱ्याने टेकावं, अशीच ती जागा. तिच्या भिंतींवर नागनिका राणीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे आणि त्यात कोणकोणते यज्ञ केले, कोणाला किती गाई, हत्ती, घोडे आणि नाणी दक्षिणा दिली, याची आकड्यांसकट यादी आहे. हटच्या भिंतीवर दरपत्रक लावायची पद्धत स्विस लोकांनी काढली अशी कोणाची समजूत असेल, तर त्याने नाणेघाटाला जाऊन यावं. (नागनिकेनंतर भिंतीवर लिहिण्याचा दर्जा मात्र एकसारखा घसरत गेला. आता त्याच डोंगरांत विटकरीच्या तुकड्याने बदाम काढून दोन नावं लिहिली जातात, आणि दक्षिणेचा उल्लेखही नसतो.) भाज्याच्या विहारात तर एकेका भिक्खूला स्वतंत्र खोली आणि खोलीत झोपायला दगडी ओटा होता. कॅरीमॅटच्या जाडीवरून दुकानात वाद घालणाऱ्यांनी तो ओटा एकदा हाताने चाचपून बघावा.

या भिक्खूंच्या नियमांत आणखी एक शहाणपण होतं. पावसाळ्यात हिंडायचं नाही, एका ठिकाणी वर्षावास करायचा, आणि आभाळ उघडलं की वाट धरायची. म्हणजे ज्या काळात डोंगरात हिंडणाऱ्याला धंद्याचं, धर्माचं असं खरोखर काही कारण होतं, त्या काळात तो पावसाळ्यात घरी बसे. आज ज्याला कसलंही कारण नाही, तो नेमका पावसाळ्यातच निघतो. आणि ताम्हिणीतला पाऊस म्हणजे काय चीज आहे? २५ जुलै २०२४ ला सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत तिथे ५५६ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद झाली. पुण्यात अख्ख्या वर्षात साधारण सातशेवर काही मिलिमीटर पडतो. म्हणजे पुण्याच्या बारा महिन्यांतल्या नऊ महिन्यांचा पाऊस ताम्हिणीने एका दिवसात उरकला. पावसाचे ढग कोकणातून येऊन या कड्याला अडतात, वर चढताना थंड होतात आणि सगळं ओझं घाटमाथ्यावरच उतरवून पुण्याला जवळजवळ रिकाम्या हाताने जातात. पुणेकरांच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांबद्दल जे सांगितलं जातं, त्याच्या हे बरोबर उलट आहे. अशा पावसात तंबू ही कल्पना म्हणून राहते. छप्पर लागतं, ते दगडामातीत पक्कं रोवलेलं लागतं, आणि गाभाऱ्यात कोणीतरी वडीलधारं असलेलं बरं वाटतं.

देऊळ आणि हट यांचे नियम शेजारी ठेवले, तर ते एकाच घरातल्या दोन भावांसारखे दिसतात. हटच्या दारात बूट काढतात, देवळाच्याही काढतात. तिथे जेवणासाठी घंटा, इथे आधी घंटा आणि मग जेवण. तिथे दहाला दिवे जातात. इथे घाटातली वीज त्याच्याही आधी आपली आपण जाते. तिथे निघताना पैसे द्यायचे, इथे दानपेटी. फरक पडतो तो आरक्षणाचा, आणि देऊळ सरस आहे असं मी म्हणतो ते मुख्यतः इथे. हटमध्ये जागा राखायची तर आपण कधी पोचणार ते सांगता यावं लागतं. स्कॉटलंडमधल्या विल्यम नेस्मिथ नावाच्या गृहस्थांनी त्यासाठी १८९२ साली एक गणितच बसवून दिलं: तीन मैलांना एक तास, आणि दर दोन हजार फूट चढाला आणखी एक. ताम्हिणीच्या पंचक्रोशीत असं गणित चालत नाही. इथे 'मामा, अजून किती लांब?' या प्रश्नाला 'ह्ये काय, अर्धा तास' एवढं एकच उत्तर आहे. ते वाडीलाही लागू, सवळ्या घाटालाही लागू आणि पार कुर्डूगडालाही. मामा खोटं बोलत नाहीत. त्यांना अर्धाच तास लागतो. आपल्याला तीन लागतात, त्यात वाट चुकल्याचे दोन मिळवायचे, आणि मग रात्री नवाच्या सुमाराला बॅटरीच्या उजेडात जी जागा दिसेल तिथे पाठ टेकायची. (त्या कुर्डूगडाचं दुसरं नाव विश्रामगड आहे. नाव ठेवणारा पायी गेला नसावा, किंवा मग तोही अर्ध्या तासातच गेला असावा.) देवी 'तुमचं आरक्षण सहापर्यंतच होतं' असं म्हणत नाही. ती एवढंच बघते, की आलेला माणूस पायातलं बाहेर काढून आत आलाय ना.

मुळशीत देवराया पुष्कळ आहेत, आणि त्यांचे नियम तर स्विस वन अधिकाऱ्यालाही कडक वाटतील. देवराईतलं वाळकं लाकूडही उचलायचं नाही, कारण ते देवाचं. रानात शेकोटीचा हट्ट धरणाऱ्याला हे मान्य होत नाही. पण फांदी तोडू नका अशी पाटी आणि फांदी तोडलीत तर देव बघून घेईल असा वचक, यांत कुठल्या गोष्टीमुळे झाडं टिकली, हे ज्याने त्याने रस्त्याकडेची पाटी आणि देवराई आळीपाळीने बघून ठरवावं. पाटीवर बहुधा गोळ्या झाडल्यासारखे दगड मारलेले असतात.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते सगळेच हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा, की झोप लागणारच नसेल तर मग घरीच का जागू नये. हा आक्षेप वरवर बिनतोड आहे. पण घरी जागणारा माणूस मोबाइल बघत जागतो आणि सकाळी त्याला आपण का जागलो हे सांगता येत नाही. डोंगरावर जागलेला माणूस पुढची दहा वर्षं त्या रात्रीबद्दल सांगतो, दर वेळी कुत्र्याचा आवाज थोडा मोठा होत जातो आणि बिबट्या थोडा जवळ येत जातो. दुसरा आक्षेप तळ्याकाठच्या तंबूवाल्यांचा. ते म्हणतात, आमच्याकडे रांगेत तंबू आहेत, जनरेटर आहे, बार्बेक्यू आहे, गाणी आहेत. तिथेही झोप लागत नाही हे खरं, पण त्याचं श्रेय डोंगराला देता येत नाही, ध्वनिवर्धकाला द्यावं लागतं. आणि मुळशीच्या पाण्याकाठी विजेसाठी जनरेटर लावणं हा प्रकार जरा थांबून बघण्यासारखा आहे. हे पाणी टाटांच्या धरणाने अडवलं, पश्चिमेला डोंगराखाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं आणि त्यातून मुंबई उजळली. त्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापट त्याचे सेनापती झाले ते कायमचेच, आणि तरीही गावं पाण्याखाली गेलीच. मुंबईचा माणूस दिव्यांचा कंटाळा आला म्हणून ज्या पाण्याकाठी येतो, त्याच्या घरातले दिवे पूर्वी त्याच पाण्यावर लागत होते. तंबूच्या समोर जे शांत, निळं दिसतं, त्याच्या तळाशी कोणाची तरी ओसरी आहे, आणि तिथे वाटसरूला नक्कीच फुकट मुक्कामाला जागा मिळत होती.

तिसरा आक्षेप संडासाचा. तो बहुतेक वेळा बायका घेतात आणि पुरुष त्यावर विनोद करतात, म्हणून मी करणार नाही. हा आक्षेप पूर्ण खरा आहे. पावसात, अंधारात, जळवांमधून टमरेल घेऊन जाण्यात कसलाही रोमांच नाही, आणि देऊळ श्रेष्ठ या माझ्या सगळ्या युक्तिवादाला इथे भोक पडतं. स्विस हटची एक गोष्ट आणायचीच असेल, तर सूप नको, सपाता नकोत, ही आणावी. हटबांधणीचे जे काही आराखडे कोणाच्या मनात असतील, ते गुंडाळून त्या पैशात दर मुक्कामाच्या गावात दोन संडास बांधावेत, त्यांना दार असावं, दाराला आतून कडी असावी आणि नळाला पाणी असावं. देशातल्या सगळ्यांत ओल्या जागांपैकी एका जागी नळाला पाणी मागावं लागतं, हे मला ठाऊक आहे. तरी मागतो.

चौथा आक्षेप वनखात्याचा, आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ताम्हिणीच्या रानाला २०१३ पासून अभयारण्याचा दर्जा आहे, ते जवळजवळ पन्नास चौरस किलोमीटर आहे, आणि पावसाळ्यात कडे-धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेशही निघतात. त्या रानात रात्री राहायचा पहिला हक्क शेकरूचा. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि तो उंच झाडांवर एक सोडून अनेक घरटी बांधून ठेवतो, वाटेल तेव्हा वाटेल त्यात जातो. ताम्हिणीत एकापेक्षा जास्त ठिकाणी आरक्षण असलेला तो एकटाच. माणसाने रात्री रानात न शिरता गावात थांबावं, हे देवळाच्या बाजूने आणखी एक कारणच झालं, कारण देऊळ गावात असतं.

राहिला गावकऱ्यांचा आक्षेप, आणि मला सगळ्यांत जड जातो तो हाच. ते फारसं बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात असतं, की देऊळ तुमच्या झोपेसाठी बांधलेलं नाही. बरोबर आहे. हटमध्ये माणूस गिऱ्हाईक असतो. पैसे मोजलेले असतात, म्हणून सूप गार आहे असं म्हणायचा अधिकार त्याला असतो. देवळात त्याला कसलाच अधिकार नसतो. गावाने भिंती उभ्या केल्या, गावच दिवा लावतं, गावातलीच कोणी मावशी सकाळी सडा टाकते, आणि आपण मधल्या रात्रीपुरते आत येऊन पडलेलो असतो. पिठलं-भाकरीचे पैसे देताना 'जास्त नाही का?' असं ज्याच्या तोंडातून निघतं, त्याला ही गोष्ट समजलेली नसते. रात्री बारापर्यंत भेंड्या खेळणाऱ्या घोळक्यालाही नसते. त्यांच्या जागरणाने सगळं गाव जागतं, आणि गावाला रविवारी सुट्टी नसते. म्हशी रविवारीही पहाटेच उठतात.

तेव्हा आल्प्सहून आलेल्या त्या पाहुण्याला पुन्हा ताम्हिणीत घेऊन जायला माझी हरकत नाही. त्याची रेशमी पिशवीही त्याने खुशाल आणावी, पिसवांना तेवढाच बदल. सपाता नकोत, अनवाणी चालेल. रात्री तो झोपणार नाही हे त्याला आधी सांगून ठेवावं, म्हणजे सकाळी तक्रार उरणार नाही. दहा जणांत एक नारळ पुरतो. उरलेल्या पिशव्या, बाटल्या आणि मॅगीची पाकिटं आपल्याच सॅकमधून खाली न्यायची, आणि पहाटे निघण्याआधी जिथे झोपायचा प्रयत्न केला ती जागा झाडून घ्यायची. केरसुणी घरून आणायची गरज नाही. ती देवळातच, दाराच्या मागे असते.